ओझ्याखालचा माणूस

चीनच्या ईशान्येला, लिआओनिंग प्रांतात तिएलिंग नावाचं शहर आहे. तिथल्या छिंगह पोलाद कारखान्यात 18 एप्रिल 2007 च्या सकाळी पाळी बदलत होती. वितळलेल्या पोलादाचा सुमारे 30 टनांचा हंडा ओव्हरहेड क्रेनवर टांगून पुढे नेला जात होता. क्रेनला तो आवरला नाही. हंडा खाली आला, कलंडला आणि दीड हजार अंश सेल्सिअसचा तो रस शेजारच्या एका खोलीत दारंखिडक्या फोडून शिरला. त्या खोलीत पाळीवर आलेल्या कामगारांची बैठक भरली होती. 32 माणसं जागीच गेली. वितळलेला धातू उचलायला खास बनावटीची क्रेन लागते, ती तिथे नव्हती. साध्या हुकाच्या क्रेनवर काम रेटलं जात होतं, असं चौकशीत पुढे आलं. बैठकीची खोलीही क्रेनच्या वाटेला अगदी चिकटून होती.

या 32 जणांपैकी एकही जण क्रेन चालवत नव्हता. हंड्याला कुणी हात लावत नव्हतं. बहुतेकांचं त्या दिवसाचं काम सुरूही झालं नव्हतं.

28 एप्रिल हा दिवस कामावर गेलेल्या आणि घरी न परतलेल्या माणसांच्या स्मरणाचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना 2003 पासून तो कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा दिवस म्हणून पाळते. त्या निमित्तानं दिलेल्या या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे : माल उचलणारी, हलवणारी, रचणारी यंत्रं सुरक्षितपणे कशी वापरावीत. या विषयावर पुस्तकं पुष्कळ आहेत, तक्ते पुष्कळ आहेत. त्यांतली बरीचशी यंत्राबद्दल बोलतात, उरलेली यंत्र चालवणाऱ्याबद्दल. हुकात बेल्ट अडकवणारा, झुलणारा गर्डर हातानं सावरत चालणारा, फोर्कलिफ्टच्या आडून बाथरूमकडे निघालेला, साखर कारखान्याच्या गव्हाणीजवळ ट्रॉलीचा दोर सोडणारा, अशा माणसाचा उल्लेख तळटीपेत येतो. अपघाताच्या पंचनाम्यात मात्र सगळ्यात वरचं नाव बहुतेक वेळा त्याचंच असतं. यंत्रानं ओझं माणसाच्या डोक्यावरून उतरवलं, पण जोखीम संपवली नाही. ती चालकाच्या केबिनमधून निघाली आणि खाली उभ्या असलेल्या या तिसऱ्या माणसाच्या अंगावर गेली.

आधी डोक्यावरच्या ओझ्याकडे पाहायला हवं, कारण यंत्र आलं ते तिथूनच.

धान्याची गोणी एके काळी क्विंटलभराची असे. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून गोदामात जायचं, थप्पीच्या वरच्या थरावर टाकायचं आणि परत यायचं, ही रोजची मजुरी. महाराष्ट्रात या कष्टाला पहिल्यांदा कायद्याचं नाव मिळालं ते 1969 साली, माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठीच्या कायद्यानं. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या माथाड्यांना एकत्र आणून लढा दिला होता, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत 1950 च्या दशकापासून उभी होती. या कायद्यामुळे माथाडी मंडळं झाली, मालकांकडून लेव्ही जमा होऊ लागली, भविष्य निर्वाह निधी आला. पोत्याच्या वजनाचा प्रश्न त्यानंतरही बराच काळ चालला. जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची कमाल मर्यादा सुचवली गेली होती. त्याच सालच्या 127 क्रमांकाच्या करारावर भारतानं शिक्कामोर्तब केलं ते 2010 साली. आज सिमेंट, साखर, धान्य बहुतांशी 50 किलोच्या पोत्यांत येतं. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेनं 1991 साली उचलण्याचं जे सूत्र मांडलं, त्यात सगळं काही आदर्श असताना धरलेलं वजन 23 किलो आहे. म्हणजे पोतं निम्मं झालं तरी ते अजून दुप्पट आहे.

तेव्हा यंत्र नको असं म्हणणं हा रम्य गावकरीपणा झाला. हमालीचं काम करून ज्यांचे मणके झिजले त्यांच्यासमोर ते म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

माथाड्यांच्या टोळीत एक गोष्ट मात्र होती. मुकादम असे, हाकारा असे, आणि ओझं सगळ्यांच्या अंगाला लागत असे. जड डाग आला की पहिल्याच हिसक्याला सगळ्यांना कळे की हे उचलायचं नाही. यंत्रात नेमकी ही जाणीव गेली. क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्याच्या तळहाताला चार टन आणि सहा टन यांतला फरक कळत नाही. लिव्हर तेवढ्याच हलकेपणी सरकतो. वजन अंगाला लागत नाही म्हणून ते कागदावर, काट्यावर, तक्त्यावर पाहावं लागतं. सुरक्षेचे सगळे नियम याच एका उणिवेची भरपाई करतात, असं म्हटलं तरी चालेल.

या उणिवेचं सगळ्यात साधं उदाहरण कुठल्याही एमआयडीसीत, भोसरीपासून वाळूजपर्यंत, कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये पाहायला मिळतं. एक टनाचा एक लांब बीम उचलायचा आहे. दोन टोकांना बेल्ट बांधले, दोन्ही बेल्ट वर नेऊन एका हुकात अडकवले. एक टन दोघांत वाटला गेला, म्हणजे प्रत्येकावर पाचशे किलो, असं मनातलं गणित. ते खरं होतं, पण बेल्ट सरळ उभे असते तर. बेल्ट तिरपे झाले की प्रत्येक बेल्टला वर ओढावं लागतं आणि शिवाय आत खेचणाऱ्या ताणाशीही झगडावं लागतं. बेल्टचा जमिनीशी कोन 60 अंशांचा असेल तर प्रत्येकावर 577 किलो येतात. 45 अंशांवर 707 किलो. 30 अंशांवर पूर्ण एक हजार, म्हणजे प्रत्येक बेल्ट जणू एकटाच सगळा बीम धरून आहे. आणि बेल्ट आखूड म्हणून तो 15 अंशांपर्यंत पसरवला तर एक टनाच्या बीमसाठी प्रत्येक बेल्टवर 1,930 किलोंच्या वर ताण जातो.

हे गणित दहावीतल्या त्रिकोणमितीचं आहे. शेडमध्ये ते कुणी करत नाही. करायची गरजही नाही. बेल्टच्या रंगावरून त्याची ताकद कळावी अशी युरोपीय प्रमाणांनी सोय करून ठेवली आहे आणि आपल्याकडे मिळणारे बरेचसे बेल्ट तीच पद्धत पाळतात : जांभळा एक टनाचा, हिरवा दोन, पिवळा तीन, राखाडी चार, लाल पाच. कोन साठाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, जात असेल तर लांब बेल्ट घ्यायचा किंवा मधे स्प्रेडर बीम टाकायचा, एवढं पाठ असलं तरी पुष्कळ. अडचण ही की बेल्टवरची चिठ्ठी पहिल्या महिन्यातच फाटलेली असते, वंगणानं सगळे रंग काळे पडलेले असतात, आणि बीमच्या धारदार कडेवर बेल्ट कापू नये म्हणून मधे घालायचा रबराचा तुकडा कुणीतरी बसायला नेलेला असतो. कडेवर कापलेला बेल्ट पुढच्या वेळेला तुटतो, तेव्हा खाली कोण उभं आहे हा प्रश्न येतो. बहुतेक वेळा तोच उभा असतो ज्यानं बेल्ट बांधला.

हुकाच्या तोंडावर स्प्रिंगची एक छोटी पट्टी असते, लॅच म्हणतात तिला. बेल्ट ढिला पडला तर हुकातून निसटू नये म्हणून. किंमत काहीच नाही. बऱ्याच शेडमध्ये खंडेनवमीला त्या हुकाला झेंडूचा हार घातला जातो, नारळ फुटतो, कुंकू लागतं, लॅच नसतो. हुकाचं तोंड ओढाताणीनं रुंदावतं. अमेरिकी नियमांत ते मूळ मापापेक्षा 15 टक्क्यांहून जास्त रुंदावलं किंवा हूक 10 अंशांहून जास्त पिळला तर तो काढून टाकायचा, असं सांगितलं आहे. आपल्याकडे असा हूक तापवून, ठोकून पुन्हा सरळ करणारे कारागीर सापडतात. त्यांची कारागिरी वादातीत. पण तापवल्यावर त्या पोलादाची मूळची ताकद उरत नाही, आणि बाहेरून पाहून ते कळतही नाही.

आता हायड्रा. या नावाचं मोबाइल क्रेनचं यंत्र भारतभरच्या कारखान्यांत, बांधकामांवर, महामार्गांवर इतकं पसरलं आहे की ते नसेल तर निम्मी कामं थांबतील. बूम पुढे, ओझं बूमच्या टोकाला लोंबतं, आणि ते तसंच लोंबतं ठेवून गाडी चालत जायची. स्वस्त, आटोपशीर, अरुंद जागेत वळणारी. पण जुन्या बनावटीत चालकाची केबिन मागे, आणि बूम बरोबर त्याच्या नजरेच्या रेषेत. पुढे लोंबणारं ओझं मोठं असलं की त्याला पुढचा रस्ता दिसत नाही. ओझं झुलतं. झुलू नये म्हणून एक हेल्पर, बहुतेक वेळा कुणा ठेकेदाराकडचा, नुकताच गावाकडून आलेला मुलगा, ते हातानं धरून पुढे चालतो. जमिनीवर केबल पडलेली असते, खड्डा असतो, चिखल असतो. मुलगा अडखळतो. मागून येणारं पुढचं चाक थांबत नाही, कारण चालकाला तो दिसलेलाच नसतो.

हायड्राखाली येऊन झालेले मृत्यू इतके ठराविक साच्याचे आहेत की अनेक मोठ्या प्रकल्पांनी जुन्या बनावटीच्या हायड्रावर आपल्या आवारात बंदीच घातली. कंपन्यांनी केबिन पुढे असलेली नवी मॉडेलं काढली. ही सुधारणा खरी आहे. परंतु बाद झालेली जुनी यंत्रं भंगारात जात नाहीत, ती लहान शहरांकडे, लहान ठेकेदारांकडे भाड्यानं फिरू लागतात. तिथे उपाय एकच आणि तो फुकटातला आहे : ओझ्याला लांब दोरी बांधायची, सावरणाऱ्यानं ती धरून बाजूनं चालायचं, यंत्राच्या पुढ्यात कधीच नाही, आणि चालकाला इशारा देणारा माणूस एकच, ठरलेला. थांबण्याचा इशारा मात्र कुणीही द्यावा आणि तो ताबडतोब मानला जावा. टोळीतला हाकारा इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा. त्या खुणा सगळ्यांच्या एकसारख्या असाव्यात ही अपेक्षा अवघड नाही, पण एकाच साइटवर ओझं बांधणारा बिहारचा रिगर, तमिळ चालक आणि मराठी मुकादम एकत्र आले की ‘हळू’ची खूण कुणाची कुठली, यावर अजूनही गोंधळ होतो.

फोर्कलिफ्टची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे मरणाऱ्यांत चालकही बरोबरीनं आहे.

फोर्कलिफ्ट म्हणजे शाळेच्या मैदानातला सी-सॉ. पुढच्या चाकांचा अक्ष हा टेकू, एका बाजूला फोर्कवरचा माल, दुसऱ्या बाजूला मागे ओतीव लोखंडाचं वजन. तीन टन उचलणारी डिझेल फोर्कलिफ्ट स्वतः चार टनांच्या पुढे भरते. माल धरून सात टन जाणारी ही गाडी मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिचा पार्श्वभाग बाहेर फेकला जातो. गाडीशेजारी उभ्या असलेल्याला तो नेमका लागतो. चालक पुढे पाहत असतो आणि माणूस मागच्या बाजूला चेपला जातो.

तिची क्षमता प्लेटवर लिहिलेली असते, उदाहरणार्थ तीन टन. त्या तीन टनांच्या पुढे बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो : 500 मिलिमीटर. मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या बाजूपासून अर्ध्या मीटरवर असेल तेव्हाच तीन टन. लांब क्रेट आलं, मध्य 800 मिलिमीटरवर गेला, की तीच गाडी बनावटीप्रमाणे साधारण पाऊण टन कमी उचलते. माल जितका वर न्यावा तितकं आणखी कमी. कलंडणारी फोर्कलिफ्ट पाहून चालक स्वाभाविकपणे बाहेर उडी मारतो आणि डोक्यावरची लोखंडी जाळी त्याच्या अंगावर येते. आत बसून राहिला, पट्टा लावलेला असला, स्टिअरिंग घट्ट धरलं, तर वाचण्याची शक्यता जास्त. शरीराची उपजत बुद्धी इथे उलटं सांगते, म्हणूनच प्रशिक्षण लागतं. सांगून, दाखवून, पुन्हा पुन्हा करून घेऊन.

अमेरिकेत 1980 ते 1994 या काळात फोर्कलिफ्टशी संबंधित 1,021 मृत्यूंची नोंद झाली. त्यांचं विश्लेषण केलं तेव्हा 22 टक्के मृत्यू गाडी कलंडून झालेले निघाले. 20 टक्के मृत्यू पायी चालणाऱ्याला गाडीनं धडक दिल्यानं. आणखी 16 टक्के चेपून, 9 टक्के फोर्कलिफ्टवरून खाली पडून. म्हणजे कलंडणं आणि धडक जवळजवळ बरोबरीनं. यानंतर 1999 पासून अमेरिकेनं चालकाच्या प्रशिक्षणाचे नियम कडक केले, दर तीन वर्षांनी त्याची पुन्हा तपासणी ठरवून दिली. पायी चालणाऱ्याचं प्रशिक्षण कुणी करायचं, तो तर रोज बदलतो. त्याच्यासाठी एकच मार्ग राहतो : त्याची वाट वेगळी करणं. जमिनीवर रंगवलेला पिवळा पट्टा नव्हे. पट्ट्यावर चाक येऊ शकतं. लोखंडी रेलिंग, वेगळं दार, कोपऱ्यावर आरसा, आणि गोदामाचा आराखडा काढतानाच माणसांचा आणि गाड्यांचा रस्ता कुठेही एकमेकांना छेदू नये असा विचार.

फोर्कवर माणूस उभा करून त्याला वर न्यायचं, हा आपल्याकडचा रोजचा प्रकार. ट्यूबलाइट बदलायची आहे, रॅकच्या वरच्या कप्प्यातला खोका काढायचा आहे, गोदामात शिडी नाही; ‘चढ रे पाच मिनिटं.’ पाच मिनिटांच्या कामासाठी बरंच काही चालवून घेतलं जातं.

साखर कारखान्यांचा हंगाम हे या सगळ्याचं महाराष्ट्रातलं खास दर्शन. उसाची ट्रॉली भरण्याआधी तळाशी वायररोप आडवे टाकलेले असतात. गव्हाणीपाशी अनलोडर क्रेन त्या दोरांची एक बाजू उचलते आणि सगळी मोळी फीडर टेबलावर किंवा गव्हाणीत उलटवते. काम देखणं असतं, एका झटक्यात ट्रॉली रिकामी. ट्रॅक्टर चालक कधी ट्रॅक्टरवरच बसून असतो, कुणी ट्रॉलीखाली सावलीला टेकतो, रात्री दोन वाजता रांगेत वाट पाहून थकलेली माणसं कुठेही झोपतात. रात्रपाळी, धुकं, थंडी, आणि माणूस नजरेला पडेल एवढा उजेड नाही. उसाच्या तुकड्यांनी कन्व्हेयरची चेन अडली तर ती हातानं मोकळी करायला जाणारा माणूस हा आणखी एक वर्ग. कन्व्हेयर बंद आहे म्हणजे तो सुरू होणार नाही असं नव्हे. मुख्य स्विचला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली तरच ते खरं. कुलूप आणि किल्लीची ही पद्धत परदेशी कारखान्यांत वर्षानुवर्षं रूढ आहे. इथे बऱ्याच ठिकाणी स्विचजवळ एक माणूस उभा करतात, ‘बघ रे, कुणी चालू करू नको.’ तो चहाला जातो.

मोठ्या यंत्रांच्या अपघातांची मात्र बातमी होते. 1 ऑगस्ट 2020 ला विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये एक महाकाय क्रेन भारचाचणी घेत असताना कोसळली आणि 11 माणसं गेली. ज्या चाचणीचा हेतूच क्रेन पेलते का हे पाहणं, त्या वेळी क्रेनच्या अंगाखांद्यावर इतकी माणसं कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. बरोबर तीन वर्षांनी, 2023 च्या 31 जुलै आणि 1 ऑगस्टच्या मधल्या रात्री, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळला. 20 कामगार दगावले. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतीत गच्चीवरचं काम आटोपून खाली येणाऱ्या कामगारांची बांधकामाची लिफ्ट कोसळली. सात जण गेले. बळी गेलेल्यांची पत्ते असलेली यादी छापली गेली तेव्हा कळलं की ही माणसं कुठकुठून आलेली होती.

परदेशातही हे होतं, आणि तिथलं एक उदाहरण मुद्दाम सांगण्याजोगं. 14 जुलै 1999 ला अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात बेसबॉलच्या नव्या स्टेडियमचं छप्पर चढवलं जात होतं. ‘बिग ब्लू’ नावानं प्रसिद्ध असलेली प्रचंड क्रेन साडेचारशे टनांच्या आसपासचा छपराचा तुकडा उचलत होती. वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास झोतांनी वाहत होता. क्रेनवर वाऱ्याचा किती दाब येईल हे पाहिलं गेलं होतं. पण क्रेननं उचललेल्या त्या छपराच्या विस्तीर्ण पृष्ठभागावर वारा किती जोर लावेल हे धरलं गेलं नाही. क्रेन पडली. तीन कामगार मारले गेले, ते छपराखाली नव्हते. शेजारच्या दुसऱ्या क्रेनच्या टोपलीत बसून तुकडा जुळवायची वाट पाहत होते. जाणकार, अनुभवी, देशातल्या उत्तम यंत्रणेतली माणसं. चूक एका आकड्याची आणि त्या वाऱ्यात काम न थांबवण्याची.

काम थांबवणं हा सगळ्यात महाग उपाय असतो. भाड्याची क्रेन तासावर असते, काँक्रीटचा ट्रक वाट पाहत असतो, मोठे साहेब पाहायला येणार असतात. ‘आज वारा जास्त आहे, उद्या उचलू’ असं म्हणणाऱ्या सुपरवायझरच्या मागे कंपनी उभी राहते की नाही, यावर तिथली खरी सुरक्षा ठरते. हेल्मेट आणि चकाकणारी जाकिटं वाटून ती ठरत नाही.

कायदा या बाबतीत फार मागे नव्हता. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 29 व्या कलमात माल उचलणाऱ्या यंत्रांबद्दल लिहिलेलं बहुतेक सगळं आजही योग्य वाटतं. प्रत्येक क्रेन, साखळी, दोर मजबूत बनावटीचे हवेत. सुरक्षित भार ठळकपणे लिहिलेला हवा आणि चाचणीचा अपवाद वगळता कधीच त्याहून जास्त भार टाकायचा नाही. वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून बारकाईनं तपासणी व्हायला हवी. लिफ्ट आणि हॉइस्टसाठी 28 वं कलम होतं, तिथे तपासणी सहा महिन्यांनी. आणि खालच्या माणसाची आठवण ठेवणारी एक तरतूद 29 व्या कलमातच होती : फिरत्या क्रेनच्या रुळांजवळ कुणी काम करत असेल, क्रेनचा धक्का लागेल अशा जागी असेल, तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येणार नाही अशी परिणामकारक व्यवस्था करायची. तिएलिंगमधल्या बैठकीच्या खोलीला हे कलम जसंच्या तसं लागू करता येत नाही, तिथे रुळांवर कुणी काम करत नव्हतं. पण त्यामागचा विचार लावता आला असता.

गोदी कामगारांसाठी 1986 चा, बांधकामासाठी 1996 चा कायदा होता. आता 13 कायदे मिळून 2020 ची व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संहिता झाली आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. संहितेत वीज वापरणाऱ्या ठिकाणी कारखाना ठरायला 20 कामगारांची अट आहे. त्याच्याखाली, दहा-बारा माणसांच्या शेडमध्ये, चेन पुली छताच्या एका अँगलला लटकवलेली असते, तो अँगल किती पेलेल हे कुणी मोजलेलं नसतं, आणि दिवसातून पंचवीस वेळा तिच्यावर दीड टनाचा डाय चढतो-उतरतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर मालकाची सर्वसाधारण जबाबदारी संहितेत आहे, पण कारखान्यासाठीची खास कलमं तिला लागू होत नाहीत.

शेडमधले ते दहा-बारा जणही नेहमी हजेरीपटावर नसतात. डाय उतरवायला आलेला ट्रक ड्रायव्हर, त्याच्या क्लीनरनं मदतीला बोलावलेला शेजारच्या शेडमधला मुलगा, भाड्याच्या हायड्राबरोबर आलेला हेल्पर, यांपैकी कोण कुणाचा कामगार, याचं उत्तर अपघात झाल्यावर शोधलं जातं. वकील, ठेकेदार, विमा कंपनी सगळे ते शोधतात. अपघात होण्याआधी मात्र एकच प्रश्न पुरेसा असतो, आणि तो लिव्हर ओढणाऱ्यानं विचारायचा असतो : खाली कोण आहे?